बॉबकॅट : संशोधन व व्यवस्थापन

उत्तर अमेरिकेतील आखूड शेपटीचे, ठिपकेदार रानमांजर. शास्त्रीय नाव लिंक्स रुफस. कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंत ते आढळते. ससे व उंदीरवर्गीय प्राणी हे त्याचे मुख्य भक्ष्य. प्रसंगी ते हरीणही मारते.

एकटे राहणारे आणि बहुधा रात्री फिरणारे हे जनावर सहसा नजरेस पडत नाही. त्यामुळे त्याच्याविषयीची बरीचशी माहिती दीर्घकाळ फासेपारध्यांनी आणलेल्या मेलेल्या जनावरांवरूनच मिळत गेली. अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकाऱ्याला खालचा जबडा किंवा सुळा वन्यजीव खात्याकडे जमा करावा लागतो. दाताच्या मुळाचा पातळ काप काढून रंगवला की सिमेंटम या मुळावरच्या आवरणाचे वार्षिक थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात आणि वय कळते. पद्धत नेटकी, पण नमुना पक्षपाती : किती बॉबकॅट पकडले जातात हे त्यांच्या संख्येइतकेच कातड्याच्या भावावरही ठरते.

हा भाव १९७० च्या दशकात भडकला. इतर ठिपकेदार मांजरांच्या कातड्यांवर बंधने आल्यावर फर-बाजार बॉबकॅटकडे वळला. १९७७ मध्ये त्याचा समावेश वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. तेव्हापासून निर्यातीच्या प्रत्येक कातड्याला बिल्ला लागतो. संख्येचा विश्वसनीय अंदाज नसताना निर्यातीला परवानगी देता येणार नाही, असे अमेरिकेतील संघीय अपील न्यायालयाने १९८१ मध्ये ठरवले. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून ही अट काढून टाकली. प्रश्न रास्त होता. उत्तर शोधण्याऐवजी प्रश्नच निकालात काढला गेला.

जिवंत जनावरांचा अभ्यास गळ्यात बांधलेल्या रेडिओ-पट्ट्यांमुळे शक्य झाला. थिओडोर बेली यांनी आयडाहोतील अभ्यासातून (१९७४) दाखवले, की माद्यांचे इलाखे एकमेकींत फारसे मिसळत नाहीत, तर एका नराचा इलाखा अनेक माद्यांना व्यापतो. पुढे स्वयंचलित कॅमेरे आले. कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत यांनी अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्या काढण्याची जी रीत रूढ केली, तीच दक्षिण टेक्सासात बॉबकॅटच्या ठिपक्यांना लावून पाहण्यात आली.

जॉर्जियातील कंबरलँड बेटावर १९८८-८९ मध्ये ही जात पुन्हा वसवण्यासाठी ३२ बॉबकॅट सोडण्यात आले. हा प्रयोग यशस्वी ठरला, आणि बेटावरची हरणेही कमी झाली.

लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांत १९९६ पासून चाललेल्या अभ्यासात वेगळेच संकट उघड झाले. २००२ नंतर तेथे खरजेने बॉबकॅट मोठ्या प्रमाणात मेले; मेलेल्यांच्या यकृतात रक्त गोठू न देणारी उंदीरनाशके सापडली. वस्तीतल्या उंदरांसाठी ठेवलेले विष भक्ष्यातून त्यांच्यापर्यंत पोचत होते आणि खरजेशी त्याचा संबंध दिसून आला. अशा विषांच्या वापरावर कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने मोठे निर्बंध घातले. फासे लावून पकडण्यावर तेथे २०१५ मध्येच बंदी आली होती. इलिनॉयने मात्र, संख्या सावरल्याचे सांगत, २०१६ मध्ये शिकार पुन्हा सुरू केली.