मोटेचा नाडा

केंदूरच्या बांधांवर घायपात अजून उभी आहे. तिला कुणी पाणी घालत नाही, शेरडं तोंड लावत नाहीत. मूळची मेक्सिकोची, पण शिरूरच्या या पश्चिम पट्ट्यात, जिथं पावसाचाच भरवसा नाही, तिथं मुरमाड रानात कुंपण होऊन ती रुजली. आयुष्यात एकदाच फुलोऱ्याचा उंच दांडा येतो आणि मग झाड मरतं.

आम्ही मांगाच्या घरचे. आज्जा कोयत्यानं खालची पानं काढायचा, मधल्या कोंबाला हात लावायचा नाही. काटे छाटून, पानं ठेचून साचल्या पाण्यात दगडाखाली आठ-दहा दिवस कुजवायची. असा वास सुटे की घास गिळवत नसे. मग आपटून, धुऊन, वाळवून पांढरा वाख हाती यायचा. शंभर किलो पानांत जेमतेम चार किलो. रसानं हात कोपरापर्यंत खाजत. मांडीवर पीळ देऊन देऊन आज्जाची उजवी मांडी गुळगुळीत झाली होती, एक केस नव्हता तिच्यावर.

कासरा, दावं, शिंकं, सगळं तो वळायचा. पण खरी परीक्षा मोटेच्या दोरांची. मोट ओढायला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. भरली मोट वर येताना नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बैल धावेवर तोंडघशी. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या 1915 च्या 'गावगाडा'त मांगाच्या या कामाची नोंद आहे. मोबदला म्हणजे खळ्यावरचं बलुतं.

मला मात्र त्या नाड्याची दुसरी गोष्ट सांगायची आहे. त्याचा विटाळ कुणाला होत नव्हता. दिवसभर तो विहिरीवर ओला व्हायचा आणि तो वळणाऱ्या घरातली बाई घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणी वरून ओतेल म्हणून. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 सालीच झाला होता. आजी थांबायची ती त्यानंतरही कितीतरी वर्षं.

पुढे इंजिनं आली, विजेच्या मोटारी आल्या, मोट गेली. कासऱ्याच्या जागी बाजारातला नायलॉनचा दोर आला. आज्जानं वळलेला एक कासरा माझ्या घरी खुंटीला आहे. पावसाळी हवेत तो अजून फुगतो, ताठ होतो.