रक्त आपण दिलं, औषध आपल्या घरापर्यंत कधी? सिकलसेलची गोष्ट

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. पण पूर्ण वाचा, कारण विषय आपल्या घरातला आहे.

थंडी पडली की आपल्या ब्राह्मणपुरी-शहादा भागात काही घरांतली पोरं कण्हायला लागतात. हात दुखतात, पाय दुखतात, पाठ धरते. घरचे म्हणतात, वात आहे. कोणी भगताकडे नेतं, कोणी इंजेक्शन मारून आणतं. ओळखीतल्या एका पोराला कित्येक वर्षं संधिवाताच्या गोळ्या चालू होत्या. शेवटी एका नर्सताईने विचारलं, "याची सिकलसेलची तपासणी केली का?" केली. रिपोर्ट आला एसएस. म्हणजे पक्का रुग्ण. तोपर्यंत पोराची शाळा सुटली होती.

बातमीदारी करताना अशी घरं मी बरीच पाहिली. म्हणून या आजाराचा इतिहास वाचायला घेतला. वाचल्यावर राग आला, तो का ते शेवटी सांगतो.

सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाची लाल रक्तपेशी गोल आणि मऊ असते, बारीक नळीतूनही वाकून निघून जाते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, नळीत अडकते. पुढे रक्त जात नाही आणि मग जीव घेणारी कळ उठते. अशा पेशी लवकर मरतात, म्हणून अंगात रक्तही टिकत नाही.

डॉक्टरी कागदावर ही पेशी पहिल्यांदा आली १९१० मध्ये. अमेरिकेत शिकागोला ग्रेनाडा बेटावरचा एक विद्यार्थी शिकत होता. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, डॉ. जेम्स हेरिक यांनी त्या छापून जगापुढे आणल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून सांगितलं की ज्याच्यात हा जीन एकच असतो, म्हणजे जो वाहक असतो, त्याला मलेरियाच्या गंभीर त्रासापासून संरक्षण मिळतं. म्हणून जिथे मलेरिया जास्त, तिथे हा जीन टिकला. आपल्या सातपुड्याचंही तेच. भाऊ, हा शाप नाही, देवाचा कोपही नाही. जंगलातल्या मलेरियाशी झुंजून जगलेल्या पूर्वजांची ही खूण आहे.

भारतात हा जीन सापडला १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभरातल्या आदिवासी पाड्यांवर जाऊन रक्त तपासण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत या जीनचं प्रमाण २० ते ३५ टक्के आढळल्याचं म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. हिशोब तुम्हीच करा.

आणि "हा त्यांचा आजार आहे, आपला नाही" असं म्हणणाऱ्यांनीही ऐका. विदर्भात तो दलित आणि ओबीसी समाजांतही आहे. रक्त जात विचारत नाही.

आता उपचाराकडे येतो. उपचार कोणाच्या डोक्यातून एका दिवसात आले नाहीत, माणसांवर शिस्तीने चाचणी होऊन आले. अमेरिकेत सिकलसेलची २१५ लहान मुलं घेतली, सगळी तीन वर्षांच्या आतली. १०५ जणांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन, ११० जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पेनिसिलिनच्या गटात गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या गटात तीन मुलं दगावली, पेनिसिलिनच्या गटात एकही नाही. फरक इतका उघड होता की चाचणी आठ महिने आधीच थांबवली. हे १९८६ साली छापून आलं. साधं पेनिसिलिन! पण ते वेळेत द्यायचं तर बाळाला आजार आहे हे जन्मताच कळायला हवं. म्हणून नवजात बाळाची तपासणी इतकी महत्त्वाची.

१९९५ मध्ये दुसरी मोठी चाचणी छापली गेली. २९९ प्रौढ रुग्ण, औषध हायड्रॉक्सीयुरिया. वर्षाला साधारण साडेचार वेळा येणारी कळ अडीचवर आली. तीही चाचणी मुदतीआधी थांबवली, कारण फायदा दिसत असताना निम्म्या लोकांना औषधाविना ठेवणं बरोबर नव्हतं.

"ते अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय?" असं कोणी विचारेल. आपल्याकडे बरीच वर्षं म्हटलं गेलं की भारतातला सिकलसेल सौम्य असतो, कारण इथल्या बऱ्याच रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं. काहींचं तसं असतंही. पण ज्या पोराला महिन्याला दवाखाना लागतो, त्याच्या आईला सौम्य म्हणून दाखवा! नागपूरला डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी जास्त त्रास असलेल्या ६० मुलांवर हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी डोसची चाचणी केली, २०१२ मध्ये ती छापली. कमी डोसनेही कळा कमी झाल्या. आपल्याच राज्यातली, आपल्याच मुलांवरची चाचणी.

एक खुलासा. हे औषध कॅन्सरमध्येही वापरतात, ते वाचून काही घरं घाबरून बंद करतात. करू नका. ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

१ जुलै ही तारीख आपल्याला पाठ आहे. १९९८ मध्ये याच दिवशी धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला. २०२३ मध्ये याच तारखेला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट.

आता राग कशाचा ते सांगतो. सगळं माहीत असून शेवटचा टप्पा रिकामा आहे. एका पाड्यावर मी स्वतः पाहिलं, कॅम्पमध्ये बोट टोचून रक्त नेलं, पण रिपोर्ट कोणाच्या हातात आला नाही. एक आजी म्हणाली, "रक्त घेऊन जातात, कागद देत नाहीत." आणि नुसतं "पॉझिटिव्ह" म्हणूनही भागत नाही. साध्या सोल्युबिलिटी तपासणीत वाहक आहे की रुग्ण ते कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. रिपोर्ट हातात मागा. तो आपला हक्क आहे.

दोष फक्त सरकारचा नाही, आपलाही आहे. लग्न ठरवताना आपण गुण जुळवतो, देज ठरवतो, रक्ताचा रिपोर्ट मात्र लपवतो. विशेषतः मुलीचा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाचं लग्न निरोगी जोडीदाराशी झालं तर मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता रुग्ण मुलाची. दर वेळी नव्याने २५ टक्के. "पहिलं तसं झालं, आता पुढची तीन चांगली" असा हिशोब नसतो.

आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांनो, पोटापाण्यासाठी जावंच लागतं, कळतं. पण उन्हातली मेहनत, कमी पाणी, रात्रीची थंडी या तिन्हींनी कळ उठते. जाताना गोळ्या आणि कार्ड सोबत न्या, पाणी पीत राहा. सिकलसेलच्या मुलाला ताप आला, छातीत दुखून धाप लागली, पोट एकदम फुगून चेहरा पांढरा पडला किंवा एक बाजू लुळी पडली, तर वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

शिकागोच्या त्या विद्यार्थ्यापासून नागपूरच्या ६० मुलांपर्यंत, प्रत्येकाने रक्त दिलं म्हणून आज आपल्या हातात उपाय आहे. ते उपाय कपाटात पडून राहिले तर त्यांचं रक्त वाया गेलं.

तुमच्या गावच्या उपकेंद्रात हायड्रॉक्सीयुरिया मिळतं का? कॅम्पचे रिपोर्ट आले का? कमेंटमध्ये गावाचं नाव तेवढं लिहा, रुग्णाचं नाव नको. यादी घेऊन मी स्वतः विचारायला जातो.