कुरळ्या केसांना तेल कसं लावावं? घरातलंच तेल पुरतं, पद्धत मात्र बदलायला हवी

कितीही तेल चोपडलं तरी दोन दिवसांत केस पुन्हा राठ, ही कुरळे केस असलेल्यांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा दोष तेलाचा नसतो, ते कधी आणि किती लावलं याचा असतो.

केस कोरडे का पडतात?

डोक्याच्या त्वचेतून नैसर्गिक तेल सुटतं. सरळ केसावरून ते शेंड्यापर्यंत उतरतं. कुरळ्या केसात ते वळणावर अडतं, म्हणून मुळाशी चिकट आणि शेंडे कोरडे. दुसरी गोष्ट, तेलात पाणी नसतं. केसाला ओलावा पाण्यातून मिळतो. तेल तो ओलावा लवकर उडू देत नाही, एवढंच.

कोणतं तेल?

- खोबरेल : यात लॉरिक आम्ल भरपूर असल्यानं ते केसाच्या आत शिरतं. मुंबईच्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली. हे संशोधक तेल कंपनीतलेच होते, हेही ध्यानात ठेवावं.
- तीळ, करडई : घाण्यावरचं तेल चालतं. केसावर पातळ थर बसतो आणि गुंता सोडवायला सोपं जातं.
- एरंडेल : फार दाट. नुसतं लावू नये. तीन-चार चमचे खोबरेलात एक चमचा पुरे. यानं केस वाढतात याचा ठोस पुरावा नाही.

बाटली घेताना घटक वाचा. 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' लिहिलं असेल तर ते खनिज तेल आहे. ते केसाच्या वरच राहतं.

लावायची पद्धत

1. न्हाण्याआधी एक-दोन तास खोबरेल लावा. शेंड्यांना जास्त, मुळांना कमी. थंडीत तेल गोठलं तर बाटली गरम पाण्यात ठेवा, गॅसवर नको.
2. अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणानं केस धुऊ नका. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा थर केसावर बसतो. सौम्य शाम्पू वापरा.
3. टॉवेलनं खसाखसा पुसू नका. जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या कापडानं पाणी टिपा.
4. केस ओलसर असतानाच चार-पाच थेंब तेल तळहातावर चोळून शेंड्यांना लावा.
5. मोठ्या दातांच्या कंगव्यानं शेंड्याकडून वर गुंता सोडवत जा. कुरळे केस कोरडे असताना बारीक फणी घातली तर तुटतात.

जट देवीची नसते

कोरडे, कुरळे केस बरेच दिवस विंचरले नाहीत की एकमेकांत अडकतात. त्यात मळ, घाम, तेल बसलं की घट्ट जट होते. काही गावांत आजही ती देवीची मानून बाईला आयुष्यभर वागवायला लावतात. मानेवर ओझं पडतं, उवा होतात, नीट झोपताही येत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून अनेक बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. गुंता ताजा असेल तर भरपूर तेल लावून बोटांनी हळूहळू सुटतो. जट जुनी असेल तर कापावी लागते. कापल्यानं कोप होत नाही, केस पुन्हा येतात.

तेलानं हे बरं होत नाही

कोंडा झाला असेल तर तेल थापू नका. कोंड्यामागची बुरशी तेलावरच जगते. लेकराच्या डोक्यात गोल चट्टा पडून केस गळत असतील तर तो नायटा असू शकतो. त्याला पोटातून गोळ्या लागतात. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तोवर त्या लेकराचा कंगवा आणि टॉवेल वेगळा ठेवा.