शालेय स्थित्यंतर आणि किशोरविकास (धानोरा तालुका)

एका शाळेतून किंवा शालेय टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जाण्याला शालेय स्थित्यंतर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार किशोरवय 10 ते 19 वर्षांचे असल्याने प्राथमिकमधून उच्च प्राथमिकमध्ये, तेथून माध्यमिकमध्ये आणि दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात होणारी स्थित्यंतरे बहुधा याच वयात येतात.

सैद्धान्तिक भूमिका : सिमन्स व ब्लाइथ या संशोधकांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथील अभ्यासात (1987) असे दाखवले की, वयात येण्याच्या सुमारास शाळाही बदलावी लागलेल्या मुलींचा स्वतःविषयीचा आदरभाव, त्याच शाळेत राहिलेल्या मुलींच्या तुलनेत, घसरतो. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्लस व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडलेल्या ‘टप्पा-परिसर सुसंगती’ या संकल्पनेनुसार, किशोरांना स्वनिर्णयाची, मैत्रीची आणि घराबाहेरील जाणत्या माणसांच्या जवळिकीची गरज वाढत असतानाच नवी शाळा अधिक कडक आणि परकी निघाली, तर अभ्यासातील गोडी आणि आत्मविश्वास दोन्ही कमी होतात.

धानोऱ्यातील स्वरूप : गडचिरोली जिल्ह्यातील (स्थापना 26 ऑगस्ट 1982) या जंगलव्याप्त तालुक्यातील अनेक गोंड घरांत द्राविडी कुळातील गोंडी बोलली जाते, तर शाळेचे माध्यम मराठी असते. लहान गावातील जिल्हा परिषदेची शाळा प्राथमिक वर्गांपुरतीच असल्याने पुढील शिक्षणासाठी अनेक मुलांना आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी विकास विभागाच्या शासकीय किंवा अनुदानित निवासी शाळेत, अथवा वसतिगृहात राहावे लागते. त्यामुळे शाळेबरोबर घर, भाषा, जेवण आणि दिवसाची घडीही एकाच वेळी बदलते. वार्षिक परीक्षेच्या सुमारासच मोहफुले वेचण्याचा हंगाम येतो आणि त्या कामी घरातील प्रत्येक हात लागत असल्याने मुलांची ओढ दोन्हीकडे राहते. पाळीच्या काळात गावाकडेला असलेल्या कुर्माघरात राहण्याची चाल असलेल्या गावांतून आलेल्या मुलीला वसतिगृहात वेगळी राहणी अनुभवास येते. या बदलाचा अर्थ समजावून देणारी विश्वासू स्त्री तेथे असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

स्थानिक प्रयत्न : तरुण-तरुणींनी वडीलधाऱ्यांकडून गाणी, रीती व गावकारभार शिकण्याचे पारंपरिक स्थान म्हणजे गोटूल. या परंपरेचा आधार घेऊन मोहगाव येथील ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. चातगावजवळील शोधग्राम येथून चालणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून शरीरातील बदल, लैंगिकता आणि जबाबदार नाते यांविषयी किशोरांशी मोकळा संवाद रुजवला. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना मिळणाऱ्या सायकली आणि बससेवा यांमुळे घरी राहून माध्यमिक शिक्षण घेण्याचा मार्ग काही मुलींना खुला होतो.

मूल्यमापन : निवासी शाळेने दुर्गम गावांतील मुलांना दहावी-बारावीपर्यंतची वाट खुली केली, हे तिचे मोठे कार्य आहे. तथापि ती वाट टिकण्यासाठी पहिल्या वर्षी गोंडी जाणणारा शिक्षक, एकाच गावातील मुलांची एकत्र राहण्याची सोय, पालकांच्या नियमित भेटी आणि मुलींसाठी जबाबदार अधीक्षिका या गोष्टी अत्यावश्यक मानल्या पाहिजेत, कारण किशोरवयातील गळती पुष्कळदा बुद्धीच्या उणिवेपेक्षा घर आणि भाषेपासूनच्या तुटलेपणातून सुरू होते.