पानं तीच, माणसं वेगळी

पत्त्यांत हरलेला माणूस काय म्हणतो, तुम्हाला माहीत आहे : ‘पानंच आली नाहीत!’ बऱ्याचदा ते खरंही असतं. मग कौशल्य मोजायचं कसं?

१८५७ साली लंडनमध्ये हेन्री जोन्स या डॉक्टरने (‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने तो पुढे गाजला) सरळ प्रयोगच केला. खेळ होता व्हिस्ट, म्हणजे ब्रिजचा पूर्वज. चार मुरलेले खेळाडू, चार कच्चे. एका टेबलावर जी पानं मुरलेल्यांकडे, तीच दुसऱ्या टेबलावर कच्च्यांकडे. नशीब समान, म्हणजे उरला तो फरक खेळण्याचा. मुरलेले जिंकले. आम्ही लॅबमध्ये ‘कंट्रोल’ म्हणतो ना, तेच हे.

आजच्या ब्रिजच्या गुणतक्त्याचा पाया हॅरॉल्ड व्हॅंडरबिल्टने १९२५ मध्ये घातला. पण जोड्यांच्या स्पर्धेत नुसत्या त्या गुणांवर भागत नाही. समजा, एकच डाव पाच टेबलांवर खेळला गेला. उत्तर-दक्षिण जोड्यांचे गुण असे : ४३०, ४२०, ४२०, १७० आणि उणे ५०. आता प्रत्येक जोडीने किती जणांना मागे टाकलं ते बघायचं. मागे टाकलेल्या प्रत्येक जोडीचे २, बरोबरीचा १. म्हणजे अनुक्रमे ८, ५, ५, २, ०. जे इकडे मिळालं नाही, ते त्याच टेबलावरच्या पूर्व-पश्चिम जोडीला.

गंमत बघा. ४२० म्हणजे चार इस्पिकांची बोली करून कबूल केलेले दहा हात केले. ४३० म्हणजे तेच दहा हात, पण तीन नोट्रम्पच्या बोलीने. फरक फक्त १० गुणांचा, पण त्याची किंमत ३. आणि १७० व उणे ५० यांत २२० गुणांची दरी, तिची किंमत २! म्हणून इथे एका जादा हातासाठी लोक हातची बोली पणाला लावतात. घरी असं केलं तर जोडीदार बोलणंच टाकेल.

संख्या टाकून फक्त क्रम ठेवायचा, हीच कल्पना फ्रँक विलकॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये संख्याशास्त्रीय चाचणीत वापरली. माझ्या पीएचडीत मी तीच वापरते. एखादं वेडंवाकडं मोजमाप सगळा निकाल फिरवू शकत नाही, म्हणून ती मला आवडते.

पण गेल्या महिन्यात एका नमुन्याचं मोजमाप बाकीच्यांच्या तीसपट आलं. क्रम लावल्यावर तो फक्त ‘पहिला’ झाला. गाइडने विचारलं, ‘ते तीसपट कुठे गेलं?’ उपकरणाची चूक की खरोखरच काही सापडलंय, हे क्रमावरून कळणारच नव्हतं. तो नमुना पुन्हा मोजायला लावलाय.