पिकअप ट्रकची फोर-व्हील ड्राइव्ह न लागणे

चालकाने लीव्हर ओढूनही अथवा बटण दाबूनही पिकअप ट्रकच्या पुढच्या चाकांपर्यंत इंजिनाची शक्ती न पोहोचणे, या दोषाला फोर-व्हील ड्राइव्ह न लागणे असे म्हणतात. ही यंत्रणा चिखल, बर्फ, वाळू किंवा निसरडा चढ आल्यावरच वापरली जाते. त्यामुळे दोष अनेक महिने लपून राहतो आणि नेमका अडचणीच्या जागी उघड होतो. (मराठीत ‘चारचाकी’ म्हटले की कोणतीही मोटारगाडी समजली जाते, म्हणून या लेखात रूढ संज्ञाच ठेवली आहे.)

रचना

बहुतेक पिकअप ट्रकमध्ये अर्धवेळ फोर-व्हील ड्राइव्ह असते. म्हणजे एरवी केवळ मागची चाके गाडी ढकलतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची पेटी असते. तिच्यातून मागच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट नेहमी फिरतो. पुढच्या ॲक्सलकडील शाफ्ट मात्र आतील सरकता जोड लागल्यावरच, बहुधा साखळीच्या साहाय्याने, फिरू लागतो. येथेच काम संपत नाही. एरवी पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल विनाकारण फिरून झीज व इंधनखर्च वाढू नये, यासाठी पुढच्या ॲक्सलमध्ये किंवा चाकांच्या हबमध्ये आणखी एक जोड ठेवलेला असतो. हे दोन्ही जोड लागले तरच पुढची चाके ओढतात. दोष शोधताना या दुसऱ्या जोडाचा सर्वांत जास्त विसर पडतो.

जुन्या जीप व पिकअपमध्ये हा दुसरा जोड हाताने लावावा लागे. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ पासून लष्कराने विकायला काढलेल्या जीपगाड्यांसाठी असे हब बनवले. अशा गाडीत दोन्हींपैकी एका हबची चकती मोकळ्या खुणेवर राहिली, तरी फोर-व्हील ड्राइव्ह निरुपयोगी ठरते. तिथे बिघाड कसलाच नसतो, चालकाचा विसर असतो.

एक उदाहरण : शेव्हरोले एस-१०

अमेरिकेतील शेव्हरोले एस-१० या पिकअपची फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्ती १९८३ पासून उपलब्ध झाली. तिच्यात पुढच्या ॲक्सलचा जोड व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढून घेण्याच्या शक्तीवर, चालतो. ट्रान्स्फर केस लागली की तिच्यावरील छोटा व्हॅक्यूम स्विच उघडतो. रबरी नळीतून ओढ ॲक्च्युएटरपर्यंत जाते, त्यातील पडदा एक केबल खेचतो आणि केबल उजव्या बाजूच्या अर्ध्या ॲक्सलचा जोड लावते.

या साखळीतील कोणताही दुवा तुटला की काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. ट्रान्स्फर केस लागलेली असते आणि पुढचा शाफ्ट फिरतही असतो. पण उजवा अर्धा ॲक्सल सुटा राहिल्याने डिफरन्शियल सारी गती त्या मोकळ्या बाजूला देऊन टाकते. परिणामी डावे चाकही ओढत नाही. पुष्कळदा अशा वेळी संपूर्ण ट्रान्स्फर केस बदलण्याचा सल्ला दिला जातो. प्रत्यक्षात मात्र चिरलेली नळी, गंजून अडकलेली केबल किंवा फाटलेला पडदा एवढेच कारण निघते. ॲक्च्युएटर बॅटरीच्या तळपट्टीखाली बसवलेला असल्याने बॅटरीतून ओघळणारे आम्लही त्याचे नुकसान करते.

व्हॅक्यूम स्विचचे सील गेल्यास ट्रान्स्फर केसमधील तेल नळ्यांत ओढले जाते. तेव्हा नळी सोडवून आत तेल आहे का, ते पाहावे. याच व्हॅक्यूमवर केबिनमधील हवेच्या झडपाही चालत असल्याने, गळती झाली की हवा केवळ समोरच्या काचेकडे येऊ लागते. दोन तक्रारी वेगळ्या भासतात, मूळ मात्र एकच असू शकते.

निदान

प्रथम नियम तपासावेत. खालच्या गतीची ४-लो श्रेणी लावण्यासाठी बहुतेक गाड्यांत वाहन थांबवून किंवा अगदी सावकाश ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये असावा लागतो. अट पूर्ण नसेल तर नियंत्रक आज्ञा नाकारतो व दिवा लुकलुकत राहतो.

त्यानंतर सपाट जागी मागची चाके अडवून, पुढची दोन्ही चाके भक्कम स्टँडवर उचलावीत. इंजिन चालू ठेवून फोर-व्हील ड्राइव्ह लावावी, गिअर पार्कमध्ये (हाती गिअर असल्यास पहिल्यात) ठेवावा आणि मगच इंजिन बंद करून गाडीखाली जावे. पुढचा शाफ्ट हाताने फिरला, तर दोष ट्रान्स्फर केसकडे आहे. तो घट्ट असेल तर एक पुढचे चाक फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले तर ॲक्सलचा जोड लागलेला आहे, स्तब्ध राहिले तर सुटलेला आहे. व्हॅक्यूमच्या गाडीत हातपंपाने थेट ॲक्च्युएटरला ओढ द्यावी. केबल खेचली जाऊन ओढ टिकली, तर ॲक्च्युएटर निर्दोष समजून स्विच व नळ्यांकडे वळावे.

बटणाच्या गाड्यांत ट्रान्स्फर केसवर विजेची मोटर असते. बटण दाबताच तिचा आवाज येतो का, ते ऐकावे. आवाज नसेल तर फ्यूज, गाडीखालचे गंजलेले कनेक्टर, मोटर आणि तिची स्थिती कळवणारा संवेदक या क्रमाने पाहावे. मोटर फिरूनही शाफ्ट मोकळाच राहिला, तर आतील फोर्क झिजलेला असू शकतो. चढावर जोर देताना कटकट आवाज येणे हे बहुधा साखळी सैल झाल्याचे लक्षण असते. डॅशबोर्डवरील दिव्यावर विसंबू नये. काही गाड्यांत तो केवळ ट्रान्स्फर केसची स्थिती दाखवतो.

धोके

दोनच चाके उचलून, फोर-व्हील ड्राइव्ह लावलेल्या स्थितीत इंजिनावर चाके फिरवू नयेत. जमिनीवरील चाकांना ओढ लागून गाडी स्टँडवरून उडी घेऊ शकते. रस्त्यावरील चाचणीही मातीच्या किंवा खडीच्या मोकळ्या जागेत करावी. कोरड्या डांबरावर वळताना पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, त्या फरकाला वाट न मिळाल्याने शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि जोड सुटेनासा होतो. अशा वेळी काही मीटर सरळ मागे घेतल्यास तो बहुधा मोकळा होतो.