पॉपलरच्या पाच नगरसेविका



१९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा ते कुठे उतरले होते हे तुम्हांला ठाऊक आहे का? सरकारी पाहुणा म्हणून त्यांना चांगल्या हॉटेलात राहता आलं असतं. पण ते राहिले शहराच्या पूर्वेला, बो नावाच्या कामगारवस्तीत, किंग्सली हॉल या समाजकेंद्रात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच होता. हे केंद्र म्युरिअल लेस्टर आणि डॉरिस लेस्टर या दोन बहिणींनी उभारलेलं. त्यातल्या म्युरिअलबाई त्या भागाच्या नगरपालिकेत काही वर्षं बसल्या होत्या आणि तिथली बाळंतिणींची आणि मुलांच्या आरोग्याची समिती सांभाळत होत्या. त्या नगरपालिकेचं नाव पॉपलर. आजची गोष्ट तिचीच आहे, मात्र गांधीजी तिथे जाण्याच्या दहा-बारा वर्षं आधीची.

पॉपलर म्हणजे लंडनच्या गोद्यांचा भाग. तिथल्या एका गोदीचं नावच ईस्ट इंडिया डॉक. आपल्याकडून गेलेला माल घेऊन कंपनीची जहाजं तिथे लागत. माल जगभरातून येई, पण तो उतरवणाऱ्या हमालांच्या घरी काही राहत नसे. गोदीचं काम रोजंदारीचं. सकाळी फाटकापाशी उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाहीतर हात हलवत परत. बायका शिवणकाम करत, लाँड्रीत कपडे धूत, काड्यापेट्यांच्या आणि जॅमच्या कारखान्यांत जात. घरं दाटीवाटीची आणि ओल आलेली.

अशा ठिकाणी १ नोव्हेंबर १९१९ रोजी नगरपालिकेची निवडणूक झाली. महायुद्धामुळे १९१२ नंतर निवडणूकच झाली नव्हती. मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १९१८च्या कायद्याने तीस वर्षांवरच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं होतं. त्याआधी नगरपालिकेला मत देऊ शकणाऱ्या बायका म्हणजे स्वतःच्या नावावर घरपट्टी भरणाऱ्या, बहुतेक विधवा किंवा अविवाहित. आता हमालाची बायकोही मत द्यायला गेली. निकाल लागला तेव्हा ४२ जागांपैकी ३९ जागा मजूर पक्षाला मिळाल्या होत्या. तोवर सत्ता होती ती घरपट्टी कमी ठेवा, खर्च करू नका असं म्हणणाऱ्यांच्या हाती. नव्या सभागृहात गोदी कामगार, रेल्वेत काम करणारे आणि साधे मजूर येऊन बसले. महापौर झाले जॉर्ज लॅन्सबरी. हे गृहस्थ तसे वेगळेच. बायकांना मत मिळावं म्हणून त्यांनी १९१२ साली आपली खासदारकी सोडली, त्याच मुद्द्यावर पुन्हा निवडणूक लढवली आणि हरले होते.

इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टीतले लॅन्सबरी भेटतात. मला सांगायचं आहे ते त्या सभागृहातल्या पाच बायकांबद्दल.

ज्यूलिया स्कर या आयरिश घरातल्या. गरिबांना मदत देणाऱ्या मंडळावर त्या १९०७ सालापासून होत्या. बेकारांच्या बायकांचा मोर्चा घेऊन त्या पंतप्रधानांच्या दारी जाऊन आल्या होत्या. नेली क्रेसॉल तरुणपणी लाँड्रीत काम केलेली, लेकुरवाळी बाई. सुसान लॉरेन्स मात्र वेगळ्या थरातल्या, केंब्रिजला गणित शिकलेल्या, सुरुवातीला तर हुजूर पक्षाच्या. शाळा झाडणाऱ्या बायकांना किती कमी पगार मिळतो हे त्यांनी पाहिलं आणि पक्षच बदलला. जेनी मॅके यांच्याबद्दल फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. अशा बायकांची नावंच तेवढी उरतात. आणि पाचवी मिनी लॅन्सबरी. लॅन्सबरींची सून. पोलंडहून आलेल्या ज्यू कोळसा-व्यापाऱ्याची मुलगी, शाळेत शिक्षिका होती. सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्या पूर्व लंडनच्या मताधिकार चळवळीत तिने काम केलं, युद्धात नवरे गमावलेल्या बायकांना पेन्शन मिळवून देण्यासाठी ती झटली. ती वॉर्डातून निवडून आलेली नव्हती. आपल्याकडे स्वीकृत सदस्य असतात ना, तशी तिला सभागृहाने घेतली होती. तेव्हा तिशीच होती तिची.

नव्या सभागृहाने काय केलं? घरं बांधायला घेतली. अंघोळीची आणि कपडे धुण्याची सार्वजनिक सोय वाढवली, वाचनालयांवर खर्च केला, लहान मुलांसाठी दूध आणि आईसाठी दवाखाना यांकडे लक्ष दिलं. आणि एक काम असं केलं की त्याचे पडसाद पुढे सहा वर्षं उमटत राहिले. नगरपालिकेच्या कुणाही कामगाराला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा कमी पगार द्यायचा नाही असं ठरवलं. पुरुषाला ४ तर बाईलाही ४. हे १९२० सालचं. समान कामाला समान दाम ही भाषा तेव्हा फार थोड्या लोकांच्या तोंडी होती.

पण पैसा आणायचा कुठून? इथे थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. घर चालवणाऱ्या बाईला तो कळायला अवघड नाही.

घराचं जे वार्षिक भाडं ठरवलेलं असेल त्यावर पौंडामागे इतक्या पेनी अशी घरपट्टी असे. एका पौंडात तेव्हा २४० पेनी. पौंडामागे एक पेनी बसवली तर पॉपलरला मिळत सुमारे साडेतीन हजार पौंड. श्रीमंत वेस्टमिन्स्टरला तेवढ्याच एका पेनीत मिळत तीस हजारांहून जास्त. का, तर तिथे मोठमोठे बंगले, दुकानं, कचेऱ्या. आणि नियम असा की प्रत्येक भागाने आपल्या गरिबांना आपणच पोसायचं. म्हणजे ज्या घरी खाणारी तोंडं जास्त आणि कमावते हात कमी, त्याच घराने सगळ्यांत जास्त वर्गणी काढायची. वेस्टमिन्स्टरमध्ये गरीब कमी, म्हणून त्यांचा खर्च कमी. पॉपलरमध्ये सगळेच गरीब, म्हणून एका बेकाराचं पोट भरायला शेजारच्या हमालाची घरपट्टी वाढवायची. १९२०च्या अखेरीस मंदी आली, गोद्या ओस पडल्या, आणि हा हिशेब कुठेच बसेना.

नगरपालिका घरपट्टी गोळा करी ती फक्त स्वतःसाठी नव्हे. त्यातला काही भाग सगळ्या लंडनसाठी असलेल्या चार संस्थांना द्यावा लागे: लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, रुग्णालयं चालवणारं मंडळ आणि पाणीपुरवठा मंडळ. मार्च १९२१मध्ये पॉपलरच्या सभागृहाने ठरवलं की या चौघांचा हिस्सा आपण बसवायचाच नाही. आमच्या बेकारांचा भार सगळ्या लंडनने वाटून घ्यावा, मग आम्हीही देऊ.

हे सरळसरळ कायद्याच्या विरुद्ध होतं, आणि ते त्यांना पुरतं माहीत होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २९ जुलै १९२१ला सगळे सदस्य पॉपलरहून न्यायालयापर्यंत पायी निघाले. चांगलं पाच मैलांचं अंतर. पुढे नगरपालिकेचा राजदंड घेतलेला माणूस, मागे नवे महापौर सॅम मार्च गळ्यात मानाची साखळी घालून, बरोबर बँड आणि हजारो माणसं. फलकावर लिहिलं होतं की पॉपलर नगरपालिका न्यायालयाकडे निघाली आहे, कदाचित तुरुंगाकडेही. न्यायालयाने सांगितलं, कर बसवा. यांनी नाही म्हटलं. न्यायालयाचा अवमान झाला.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत अटक सुरू झाली. एकूण तीस जण आत गेले. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच बायका हॉलोवेच्या. मताच्या चळवळीतल्या कितीतरी बायका आधी याच हॉलोवेत राहून आल्या होत्या. नेली क्रेसॉल त्या वेळी गरोदर होती, तेही दिवस भरत आलेले. घरी आधीची मुलं होती. ती घरी राहिली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण ती गेली. गरोदर नगरसेविकेला कोठडीत ठेवलंय हे वर्तमानपत्रांत आलं तसं सरकारला अवघड वाटू लागलं, आणि बाकीच्यांच्या आधी, सप्टेंबरातच, तिला सोडण्यात आलं.

एक गंमत सांगते. हे लोक तुरुंगात होते तरी सभासद होतेच, आणि सभासदांची सभा व्हायला हवी. त्यांनी ती मागितली आणि मिळवली. मग हॉलोवेच्या बायकांना गाडीत बसवून नदीपलीकडे ब्रिक्स्टनला आणायचे, आणि तिथे नगरपालिकेचं कामकाज चालायचं. विषयपत्रिका, ठराव, सगळं रीतसर. बाहेर रोज लोक जमत, गाणी म्हणत, आणि लॅन्सबरी गजांतून त्यांच्याशी बोलत.

स्वपक्षातले सगळे खूश होते असं समजू नका. शेजारच्या हॅकनीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन हेही मजूर पक्षाचेच. त्यांना वाटत होतं की असं कायदा मोडण्याने लोक बिचकतील आणि मतं जातील. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. सत्तेत बसायचं तर कायद्याने राज्य करता येतं हे दाखवावं लागतं. पण शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीन या नगरपालिकांनी पॉपलरच्या वाटेने जायचं ठरवलं, तेव्हा सरकार हललं. एकेका नगरपालिकेला उचलून तुरुंगात टाकायचं तर तुरुंग किती लागतील? १२ ऑक्टोबरला, सहा आठवड्यांनी, सगळे सुटले. आणि त्याच वर्षी कायदा झाला की बेकारांना द्यायच्या मदतीचा मोठा भार सगळ्या लंडनने मिळून उचलायचा. ज्यासाठी ते आत गेले होते त्यातलं बरंचसं मिळालं होतं.

मिनीला मात्र त्याचं सुख फार दिवस लाभलं नाही. तुरुंगातून आल्यावर काही आठवड्यांतच तिला न्यूमोनिया झाला. १ जानेवारी १९२२ला ती गेली, वय अवघं ३२. तुरुंगानेच तिची तब्येत खालावली असं तिच्या लोकांना वाटत राहिलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा निवडणुका आल्या. मॉरिसन म्हणाले होते तसं झालं खरं, पण उलट जागी. लंडनभर मजूर पक्षाच्या जागा धडाधड पडल्या. हॅकनीत मॉरिसन यांची सत्ता गेली. पॉपलरमध्ये मात्र तुरुंगवाल्यांनाच लोकांनी परत सत्ता दिली. मॉरिसन यांचे पाठीराखे म्हणतील की पॉपलरच्या बदनामीमुळेच बाकीचे पडले. तसंही असेल. पण पॉपलरच्या मतदारांनी आपल्यापुरता निकाल दिला होता, आणि त्यात या पाच जणींनी भोगलेल्या दिवसांचाही वाटा असणार असं मला वाटतं.

आता त्या ४ पौंडांचं काय झालं ते सांगायला हवं, कारण ही सगळी जिताचीच गोष्ट नाही. सरकारी हिशेबतपासनिसाने तो पगार अवाजवी ठरवला. महागाई उतरली तरी पगार उतरवला नाही, आणि बायकांना पुरुषांइतकाच दिला, हा आक्षेप. जादा दिलेले ५,००० पौंड नगरसेवकांनी खिशातून भरावेत असा आदेश निघाला. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९२५ साली पॉपलर हरलं. लॉर्ड ॲटकिन्सन यांनी निकालपत्रात दोन गोष्टींना दोष दिला: समाजवादी दानशूरपणाच्या तऱ्हेवाईक कल्पना, आणि बायकांना पुरुषांएवढं वेतन मिळवून देण्याची स्त्रीवादी हौस. आज हे वाचताना हसू येतं. त्या वेळी हा देशाच्या सर्वोच्च न्यायासनाचा शब्द होता, आणि पुढे कितीतरी वर्षं नगरपालिकांच्या खर्चाच्या खटल्यांत तो निकाल दाखवला जात होता.

सुसान लॉरेन्स १९२३ साली खासदार झाल्या. मजूर पक्षाच्या ज्या पहिल्या तीन बायका पार्लमेंटात पोचल्या त्यांतल्या त्या एक. ज्यूलिया स्कर १९२७ साली वारल्या. लॅन्सबरी पुढे मजूर पक्षाचे नेते झाले. मिनीच्या नावाचं एक घड्याळ बो रोडवर, रस्त्याने जाणाऱ्याला दिसेल असं लावलेलं आहे. आणि नेली क्रेसॉल, जी दिवस भरत आले असताना हॉलोवेच्या कोठडीत गेली होती, ती १९४३ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, त्याच पॉपलरची महापौर झाली.